डीएमआर नेटवर्कवर बोलताना: शिष्टाचाराबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

परवाना हातात पडतो, हँडसेट घरी येतो, कोणीतरी त्यात कोडप्लग (रेडिओच्या सेटिंगची फाइल) भरून देतं आणि पहिल्याच संध्याकाळी नवा हॅम (हौशी रेडिओवाला) विचारतो, "सर, आता बोलू का?" त्यानंतर महिनोन्‌महिने येत राहतात ते प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सगळी उत्तरं डीएमआर (डिजिटल मोबाइल रेडिओ) आणि मुख्यतः ब्रँडमायस्टर, म्हणजे रेडिओ स्टेशनं इंटरनेटवरून जोडणारं नेटवर्क, डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहेत. डी-स्टार किंवा सी४एफएम या दुसऱ्या डिजिटल पद्धतींवर बटणं वेगळी असतील, पण माणसांशी वागायची रीत तीच.

१. साध्या एफएम रिपीटरवर (सिग्नल घेऊन पुन्हा दूरवर पाठवणाऱ्या स्टेशनवर) बोलायची सवय आहे. डीएमआरवर वेगळं काय वागायचं?

एफएमवर दोघांनी एकदम पीटीटी (बोलायचं बटण) दाबलं तर किंचाळल्यासारखा आवाज येतो आणि टक्कर झाल्याचं ऐकणाऱ्यांना लगेच कळतं. डीएमआरवर असं काही होत नाही. नेटवर्क आधी आलेल्याला पुढे पाठवतं आणि दुसऱ्याला गुपचूप बाजूला ठेवतं. तो बिचारा दोन मिनिटं मनापासून बोलतो आणि ते कोणालाच ऐकू जात नाही. बोलणाऱ्यालाही पत्ता नसतो की कोणाला तरी बोलायचं होतं.

दुसरा फरक पसाऱ्याचा. डोंगरावरच्या एफएम रिपीटरवर बोललात तर फार तर दोन-तीन जिल्हे ऐकतात. डीएमआरवर तुमचं एक बटण इंटरनेटवरून दूरदूरचे रिपीटर आणि हॉटस्पॉट (घरातल्या, इंटरनेटला जोडलेल्या छोट्या रेडिओ पेट्या) एकदम चालू करतं. त्यांतला प्रत्येक तेवढा वेळ दुसऱ्या कोणाच्या कामाचा राहत नाही. आपण कोणाला अडवतोय ते इथे ऐकूच येत नाही. या पानावरचे बहुतेक नियम त्यातूनच आले आहेत.

२. टाइमस्लॉट आणि टॉकग्रुप यांत माझा नेहमी घोळ होतो. थोडक्यात सांगाल का?

एका १२.५ किलोहर्ट्झच्या चॅनेलवर डीएमआर ३० मिलिसेकंदांचे दोन आळीपाळीचे तुकडे करतं. तेच दोन टाइमस्लॉट. म्हणजे एका रिपीटरवर एकाच वेळी दोन वेगळी संभाषणं चालतात, तिसरं नाही. टाइमस्लॉट ही वाट, तर टॉकग्रुप (टीजी) म्हणजे त्या वाटेवरून जाणाऱ्या गाडीची, कोणत्या गटाकडे जायचं ते सांगणारी पाटी: ब्रँडमायस्टरवर ४०४ म्हणजे भारत, ९१ म्हणजे सारं जग. पाट्या कितीही असल्या तरी वाटा दोनच, हे लक्षात राहिलं की प्रश्न १० आपोआप समजेल.

३. पहिल्यांदाच बोलतोय. नेमकं काय म्हणू? एचएफसारखं (लांब पल्ल्याच्या लघुलहरींवर करतात तसं) सीक्यू सीक्यू, म्हणजे "कोणी आहे का" अशी हाक, करायचं का?

आधी निदान दोन मिनिटं नुसतं ऐका. चॅनेल बदलल्याबरोबर शांत वाटलं म्हणजे टॉकग्रुप मोकळा असं नाही, कदाचित समोरचा विचार करून उत्तर देतोय. मग पीटीटी दाबा, एक क्षण थांबा आणि म्हणा: "व्हीयू३ (आपलं कॉलसाइन, म्हणजे परवान्यावरचं सांकेतिक नाव), टीजी ४०४ वर मॉनिटरिंग." एवढं पुरे. टॉकग्रुपचा आकडा सांगायचा, कारण ऐकणारा चार-पाच टॉकग्रुप एकत्र ऐकत असतो आणि त्याची नजर स्क्रीनवर असेलच असं नाही. एचएफवर लांबलचक सीक्यू लागतं, कारण कोणीतरी बटण फिरवत आपल्यापर्यंत यायचं असतं. इथे आवाज थेट त्याच्या खोलीत पोहोचतो.

पीटीटी दाबल्यावरचा तो क्षण विसरू नका. रेडिओ, रिपीटर आणि सर्व्हर यांची जुळणी होण्याआधी बोललं की पहिला शब्द खाल्ला जातो, आणि तो शब्द बहुधा तुमचं कॉलसाइन असतो. रेडिओत बोलायची परवानगी मिळाल्याचा बीप चालू ठेवा आणि तो ऐकूनच तोंड उघडा.

४. स्क्रीनवर माझं नाव आणि आयडी दिसतोच. मग कॉलसाइन का बोलायचं?

आयडी म्हणजे कॉलसाइन नव्हे. ४०४ ने सुरू होणारा तुमचा सात अंकी आयडी नेटवर्कच्या सोयीसाठी आहे. परवान्यावर आहे ते कॉलसाइन, आणि स्टेशनने थोड्या थोड्या वेळाने स्वतःची ओळख प्रसारित करावी हे आंतरराष्ट्रीय रेडिओ नियमांतच आहे. सुरुवातीला आणि शेवटी कॉलसाइन बोलाच. लांब गप्पा असतील तर दर दहा मिनिटांनी मी घड्याळाकडे बघून पुन्हा बोलतो. शिवाय गाडी चालवणारा किंवा डोळ्यांनी न दिसणारा हॅम स्क्रीन वाचत नाही, त्याला फक्त आवाज असतो.

दुसऱ्याचा रेडिओ हातात घेऊन बोलत असाल तर स्क्रीनवर त्याचं नाव उमटेल. अशा वेळी हे पहिल्याच वाक्यात सांगा.

५. "गॅप द्या, गॅप द्या" असं सगळे सांगतात. किती द्यायचा आणि त्याने इतकं काय होतं?

या पानावरचं एकच उत्तर वाचणार असाल तर हे वाचा.

समोरच्याने पीटीटी सोडलं की मनात सावकाश एक, दोन, तीन म्हणा आणि मगच आपलं दाबा. तीन सेकंद. बोलायचा उत्साह असतो तेव्हा ते फार मोठे वाटतात.

माझ्या टेबलावर काड्यापेटीहून जरा मोठा हॉटस्पॉट आहे, रॅस्पबेरी पाय झिरो या चिमुकल्या संगणकावर बसवलेला. कोणी बोलत असलं की त्याचा एक बारीक दिवा पेटलेला असतो. बोलणं थांबलं की तो विझतो, आणि तो विझलेला असतो तेवढाच वेळ हॉटस्पॉट माझं ऐकू शकतो. साधा, एकाच फ्रिक्वेन्सीवर चालणारा हॉटस्पॉट स्वतः प्रक्षेपण करत असताना बहिरा असतो. दोघे बोलणारे एकमेकांच्या शेपटीवर पाय देत बोलत राहिले तर दिवा विझतच नाही. मग मला मध्ये शिरता येत नाही, एवढंच काय, टीजी ४००० (जोडणी सोडवायचा आकडा) दाबून त्या टॉकग्रुपमधून बाहेरही पडता येत नाही. रिपीटरवर आणखी एक गोष्ट घडते: ओव्हर (एकाची बोलायची पाळी) संपल्यावरही रिपीटर काही सेकंद स्लॉट त्याच टॉकग्रुपसाठी राखून ठेवतो. तेवढ्यात पुढचा ओव्हर आला की दुसऱ्या टॉकग्रुपची वाट पाहणाऱ्याची पाळी येतच नाही.

मला हे कळलं ते एका फोनमुळे. पावसाळ्यातल्या एका संध्याकाळी एका मित्राशी डायपोल अँटेनाच्या उंचीवरून बोलणं रंगलं होतं. वीसेक मिनिटांनी एका तरुण हॅमचा फोन आला: "सर, जरा थांबता का? केव्हापासून ब्रेक मारतोय, आत येताच येत नाहीये." आम्हाला दोघांनाही वाटत होतं की टॉकग्रुपवर आमच्याशिवाय कोणी नाही. तेव्हापासून गप्पा कितीही रंगल्या तरी मी तो दिवा विझायची वाट बघतो.

६. दोघांचं बोलणं चालू आहे. मध्ये कसं शिरायचं? "ब्रेक ब्रेक" म्हणू का?

गॅपमध्ये एकदाच आपलं कॉलसाइन बोला आणि सोडा. ज्याची पाळी असेल तो तुम्हाला घेईल. उत्तर आलं नाही तर तुम्ही दाबायच्या आधी दुसऱ्याने दाबलेलं असणार, पुढच्या गॅपची वाट पाहा. नुसतं "ब्रेक" म्हणणं बऱ्याच ठिकाणी चालतं, पण कॉलसाइन बोललं की ओळख आणि विनंती एकाच श्वासात होते. "ब्रेक, ब्रेक, ब्रेक" असं तीनदा मात्र खऱ्या तातडीसाठीच राखून ठेवा: अपघात, कोणाच्या जिवावर बेतलेलं, मदत हवी. ते ऐकलं की बोलणाऱ्यांनी वाक्य अर्धवट सोडून वाट मोकळी करायची.

आत आल्यावर विषय पळवू नका. दोघे बॅटरीबद्दल बोलत असतील आणि तुम्हाला फक्त नमस्कार करायचा असेल तर नमस्कार करा, ७३ (शुभेच्छा) म्हणा आणि निघा. आणि आधीपासून बोलत असाल तर पाहुण्याला आधी बोलू द्या. तो कदाचित चालत्या गाडीतून बोलत असेल आणि घाट लागला की त्याचा सिग्नल जाईल.

७. माझा आवाज कसा येतोय ते तपासायला कोणाला विचारू?

पॅरटला. ब्रँडमायस्टरवर ९९९० ला प्रायव्हेट कॉल करा, कॉलसाइन आणि दोन वाक्यं बोला, पीटीटी सोडा. तुमचाच आवाज परत ऐकू येईल. टीजी ४०४ वर "हॅलो टेस्ट, हॅलो टेस्ट" करू नका, आणि रिपीटर उठतोय का पाहायला नुसतं पीटीटी दाबून सोडू तर मुळीच नका. त्या एका टिचकीने देशभरातल्या खोल्यांमधले स्पीकर खरखरतात.

आवाज रोबोटसारखा तुटत असेल तर बहुधा इंटरनेटची पॅकेट गळताहेत किंवा हॉटस्पॉटची फ्रिक्वेन्सी थोडी सरकली आहे. शब्द घोगरे आणि लडबडलेले येत असतील तर कारण वेगळं. डीएमआरचा व्होकोडर माणसाचा आवाज सेकंदाला २४५० बिटांत बसवतो. तो बनलाय माणसाच्या गळ्यासाठी. डोक्यावर पंखा, मागे कुकरची शिट्टी, गाडीची उघडी काच, हे सगळं तो आवाज समजूनच बसवायला जातो आणि तुमचे शब्द चिरडले जातात. माइक तोंडापासून चार बोटं दूर, किंचित तिरका धरा आणि पंखा बंद करा.

८. टीजी ४०४ वर मराठीत बोललं तर चालतं का?

चालतं. आपली भाषा बोलायला कोणाची आडकाठी नाही, आणि कोल्हापूरचा हॅम नागपूरच्या हॅमशी इंग्रजीत बोलावा असं मला अजिबात वाटत नाही. पण ४०४ साऱ्या देशाचा आहे. केरळचं किंवा बंगालचं कॉलसाइन आलं की लगेच हिंदी किंवा इंग्रजीवर या, आणि काय बोलणं चाललं होतं ते एका वाक्यात सांगा. मराठीतच तासभर बसायचं असेल तर ठरवून दुसऱ्या मोकळ्या टॉकग्रुपवर जा. वेळ सांगताना देशात आयएसटी चालते, परदेशी स्टेशनला यूटीसी सांगा. आपण साडेपाच तास पुढे असतो.

९. टीजी ९१ वर परदेशी स्टेशन भेटतात, मजा येते. तिथे किती वेळ बोलावं?

ओळख, गाव, सिग्नलचा रिपोर्ट, दोन शब्द हवामानाचे, बस. ९१ म्हणजे एसटी स्टँडचं फाटक आहे, तिथे भेटायचं आणि बाजूला जायचं. लांब बोलायचं असेल तर दोघांना सोयीचा टॉकग्रुप सांगून तिकडे जा आणि जाताना "९१ मोकळा करतोय" असं म्हणा. तिथे तीनपेक्षाही जास्त सेकंदांचा गॅप द्या, सावकाश बोला आणि कॉलसाइन फोनेटिकमध्ये (अल्फा, ब्राव्हो असं) सांगा.

१०. आमच्या गावच्या रिपीटरवर मी ९१ लावला तर काहीजण चिडले. मी काय चुकलो?

रिपीटरवर काही टॉकग्रुप कायम जोडलेले असतात, ते स्टॅटिक. तुम्ही पीटीटी दाबून जो नवा आणता तो डायनॅमिक, आणि शेवटच्या पीटीटीनंतर काही मिनिटं तो तिथेच चिकटून राहतो. तुम्ही ९१ वर एकदा बोललात, उत्तर आलं नाही, रेडिओ बंद करून जेवायला गेलात. त्यानंतर पुढचा सगळा वेळ जगभरातल्या गप्पा गावच्या रिपीटरवर वाजत राहिल्या आणि तो स्लॉट गावकऱ्यांना मिळाला नाही. म्हणून निघताना टीजी ४००० वर एकदा पीटीटी दाबून जोडणी सोडवा. कोणता स्लॉट स्थानिक गप्पांसाठी आणि कोणता बाहेरच्यासाठी हे रिपीटर सांभाळणाऱ्याला विचारा. डोंगरावर चढून बॅटऱ्या बदलणारा तोच असतो, त्याचा शब्द शेवटचा.

स्वतःच्या हॉटस्पॉटवर हे बंधन नाही. दिवसभर ९१ ऐकायचा असेल तर तिथे ऐका.

११. प्रायव्हेट कॉल केला तर कोणाला त्रास नाही ना? आणि एन्क्रिप्शन चालू करता येतं का?

रिपीटरवरून प्रायव्हेट कॉल म्हणजे अख्खा स्लॉट अडवणं. बाकीच्यांना काहीच ऐकू येत नाही, रिपीटर बिघडलाय असंच वाटतं. खाजगी बोलायला फोन आहे. एन्क्रिप्शनचं उत्तर सरळसरळ "नाही". चिनी हँडसेटच्या मेनूत ती सोय दिसते, कारण तेच हँडसेट इतर कंपन्यांनाही विकले जातात. हौशी रेडिओवर अर्थ लपवणारं प्रक्षेपण चालत नाही.

१२. नेटमध्ये (हवेवर ठरवून भरणाऱ्या बैठकीत) चेक-इन करताना, म्हणजे हजेरी लावताना, काय पाळायचं?

नेट कंट्रोल (नेट चालवणारा) बोलावेल तेव्हाच बोला. कॉलसाइन, नाव, गाव, सिग्नल कसा येतोय, एवढंच, आणि सोडा. सगळे एकदम दाबतात तेव्हा एकच आत येतो (प्रश्न १). म्हणून पहिल्या फेरीत नंबर लागला नाही तर रागावू नका. घाई असेल तर कॉलसाइनला जोडून "शॉर्ट टाइम" म्हणा. मध्येच जायचं असेल तर सांगून जा, नाहीतर नेट कंट्रोल तुमच्या पाळीला हाका मारत बसतो.

१३. हॉटस्पॉट कुठल्या फ्रिक्वेन्सीवर ठेवू? दहा-वीस मिलिवॅटने काय बिघडतं?

परदेशी व्हिडिओंत ४३३ किंवा ४३८.८०० मेगाहर्ट्झचे आकडे दिसतात, ते जसेच्या तसे घेऊ नका. भारतात हौशींना यूएचएफवर ४३४ ते ४३८ मेगाहर्ट्झ आहे. त्यातही ४३५ ते ४३८ हा पट्टा जगभर उपग्रहांसाठी सोडतात. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावरच्या रिपीटरचा आवाज ४३७.८०० वर येतो. चारशे किलोमीटर वरून आलेला तो सिग्नल इतका क्षीण असतो की शेजारच्या इमारतीतला दहा मिलिवॅटचा हॉटस्पॉट त्याला सहज बुडवतो. गच्चीवर हातात यागी अँटेना घेऊन उभा असलेला शेजारी स्थानकाच्या दहा मिनिटांच्या पासची (डोक्यावरून जाण्याची) आठवडाभर वाट पाहत असेल. ४३४ आणि ४३५ च्या मध्ये, जवळच्या रिपीटरच्या इनपुट-आउटपुटपासून दूर, आधी दोन-तीन दिवस ऐकून जागा निवडा. परवान्याच्या अटीही एकदा वाचून घ्या.

१४. मी डीएमआर टॉकग्रुप आणि दुसरं नेटवर्क जोडणारा ब्रिज केला आहे. कोणाला विचारायला हवं का?

हो, आधी विचारा. दुसऱ्या कोणी आधीच तीच दोन टोकं जोडली असतील तर आवाज गोल गोल फिरत राहतो आणि दोन्ही नेटवर्क अडकतात. शिवाय प्रत्येक जोडाला विलंब वाढतो. तुमच्या ब्रिजपलीकडच्या माणसाला एक सेकंद उशिरा ऐकू येत असेल तर तीन सेकंदांच्या गॅपमधला त्याचा वाटा दोनच सेकंदांचा. असा ब्रिज चालू असेल तर दोन्हीकडे गॅप वाढवायला सांगा आणि तो चालू असताना हाताशी राहा.

१५. मुलीला दोन शब्द बोलायचे आहेत. बोलू देऊ का?

तिच्याकडे परवाना नसेल तर नाही. आपल्या नियमांत तिसऱ्या व्यक्तीचे निरोप आपत्तीशिवाय चालत नाहीत. मला हे सांगताना वाईट वाटतं, कारण मुलाचा आवाज ऐकून सगळ्यांनाच बरं वाटतं. बाराव्या वर्षापासून परीक्षा देता येते, तिला ऐकायला बसवा आणि अभ्यासाला लावा.

१६. जुना रेडिओ विकायचाय, ४०४ वर सांगू का?

भाव आणि सौदा तिथे नको. धंदा, राजकारण आणि धर्म हे तीन विषय हवेत न्यायचे नाहीत.

१७. कोणाचा तरी पीटीटी अडकलाय, किंवा कोणीतरी सतत चुकतोय. काय करावं?

अडकलेला पीटीटी ओळखू येतो: गाडीचा आवाज, रेडिओवरची गाणी, घरातलं बोलणं. बऱ्याच रिपीटरवर १८० सेकंदांचा टायमर तोडतो, पण माइक सीटच्या फटीत दाबला गेला असेल तर बटण तसंच दाबलेलं राहतं. त्याच्यावर ओरडून उपयोग नाही, त्याला ऐकू येत नाहीये. नेटवर्कच्या वेबसाइटवरच्या डॅशबोर्डवर कॉलसाइन बघा आणि त्याला फोन करा. ओळख नसेल तर रिपीटर सांभाळणाऱ्याला कळवा. त्या माणसाच्या घरातलं जे ऐकू आलं ते दुसरीकडे सांगू नका.

चुकणाऱ्यालाही हवेवर सुधारू नका. चारशे जण ऐकत असताना टोचून बोललं तर नवा माणूस रेडिओ कपाटात ठेवतो. मी असे दोघेजण पाहिले आहेत, पुन्हा बोललेच नाहीत. नंतर फोनवर आपलेपणाने सांगा. मुद्दाम शिव्या देणाऱ्याला किंवा परवान्याशिवाय बोलणाऱ्याला उत्तरच देऊ नका, वेळ आणि टॉकग्रुप लिहून ठेवा.

१८. पूर आला, वादळ आलं तर डीएमआर नेटवर्क कामाला येईल का? तेव्हा आम्ही कसं वागायचं?

इंटरनेट आणि वीज असेपर्यंत येईल. ती गेली की टॉकग्रुप जातो, मागे उरतो तो डोंगरावरचा बॅटरीवरचा रिपीटर, सिम्प्लेक्स (रिपीटरशिवाय थेट बोलणं) आणि एचएफ. २६ डिसेंबर २००४ ला त्सुनामी आली तेव्हा भारती प्रसाद, व्हीयू२आरबीआय, यांची तुकडी डीएक्सपेडिशनसाठी (दुर्मिळ ठिकाणाहून रेडिओ चालवण्याच्या मोहिमेसाठी) पोर्ट ब्लेअरला होती. फोन बंद पडल्यावर त्यांनी एचएफवरून अंदमानचे निरोप मुख्य भूमीवर पोहोचवले.

नेट कंट्रोलने आणीबाणीची नेट जाहीर केली की फक्त ऐका. "मी आहे, काही लागलं तर सांगा" हेसुद्धा बोलू नका, असे पन्नास मदतीचे हात त्या एका स्लॉटवर जमले तर पूरग्रस्त गावातल्या स्टेशनला जागा राहत नाही. विचारलं तरच उत्तर द्या. निरोप शब्दशः लिहून घ्या, वेळ टाका, परत वाचून दाखवा, पदरचं घालू नका. हॉटस्पॉटवर असाल तर तुमची सगळ्यात मोठी मदत म्हणजे रिपीटरवरच्या माणसासाठी गॅप सोडणं, आणि अशा वेळी तीन सेकंदही कमी पडतात. पाच मोजा.